दू : एका नदीचे नाव आणि एका मुलखाचा कारभार

फ्रान्स आणि स्वित्झर्लंड यांच्या सरहद्दीनजीक, ज्युरा पर्वतातील एका अरुंद खिंडीची राखण करीत, झू नावाचा एक जुना दुर्ग उभा आहे. इ. स. १७७५ मध्ये, जन्मदात्या पित्यानेच राजाकडून मिळविलेल्या मोहोरबंद हुकमान्वये, सव्वीस वर्षांचा एक उच्छृंखल पण विलक्षण बुद्धिमान सरदारपुत्र या दुर्गावर आणून ठेवण्यात आला. जवळच्या पोंतार्लिए कसब्यात जाण्यायेण्याची मोकळीक त्याला मिळाली, आणि त्या मोकळिकीचे पर्यवसान कसब्यातील एका वयोवृद्ध मानकऱ्याची तरुण पत्नी त्याच्यासह परागंदा होण्यात झाले. हा कैदी म्हणजे पुढे फ्रेंच राज्यक्रांतीच्या पहिल्या पर्वाचा वाणीसम्राट ठरलेला मिराबो. दुर्गाजवळून पोंतार्लिएकडे वाहत जाणारी नदी त्याच्या दृष्टीस वारंवार पडली असणार; परंतु आणखी पंधरा वर्षांनी, ज्या सभेत आपली वाणी गाजायची आहे त्याच सभेच्या ठरावाने, ही नदी एका संपूर्ण मुलखाचे नाव होऊन बसेल, हे त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही आले नसेल. त्या नदीचे नाव दू.

फ्रेंच लिपीत हे नाव लिहिताना पाच अक्षरे खर्ची पडतात; उच्चारात मात्र शेवटची दोन सर्वस्वी मूक राहतात आणि ओठांवर एकच दीर्घ ध्वनी उरतो. रोमन लोक या नदीला दूबिस म्हणत, आणि भाषाशास्त्रज्ञ या शब्दाचे मूळ गॉल लोकांच्या भाषेतील ‘काळा’ या अर्थाच्या शब्दात शोधतात. देवदारवर्गीय वृक्षांनी झाकलेल्या खोल दऱ्यांतून वाहताना हे पाणी खरोखरीच काळसर दिसते, त्यामुळे ही व्युत्पत्ती मला पटते.

नदीचे नाव मुलखाला का मिळाले, हे समजण्यासाठी १७८९ च्या राष्ट्रसभेकडे वळले पाहिजे. जुना फ्रान्स हा एकजिनसी देश नसून, निरनिराळ्या काळी निरनिराळ्या तहनाम्यांनी, वारसांनी आणि विवाहसंबंधांनी एकत्र आलेल्या सुभ्यांचा समूह होता. प्रत्येक सुभ्याचे कायदे वेगळे, वजने-मापे वेगळी, मिठावरील कराचा दर वेगळा, आणि धर्मपीठाचा, न्यायासनाचा व लष्करी अंमलाचा असे तीन नकाशे एकावर एक ठेवले तर त्यांच्या रेषा कोठेच जुळू नयेत, अशी त्याची अवस्था होती. सप्टेंबर १७८९ मध्ये तूरे या कायदेपंडिताने समितीच्या वतीने जो मसुदा मांडला, त्यावर सियेस या सभासदाच्या तर्कनिष्ठ बुद्धीची छाप होती : पॅरिस वेगळे ठेवून उर्वरित देशाचे, प्रत्येक बाजू अठरा लीगांची, म्हणजे साधारण सत्तर किलोमीटरांची, असे ऐंशी चौकोन पाडावेत, आणि त्यांनाच यापुढे ‘देपार्तमाँ’, म्हणजे आपल्या परिभाषेत जिल्हे, समजावे. बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे देश आखण्याच्या या कल्पनेला ज्यांनी कडाडून विरोध केला त्यांत मिराबो अग्रेसर होता. विभागणी करताना केवळ जमिनीचा विस्तार न पाहता माणसांची संख्या पाहावी आणि जुन्या सुभ्यांच्या सीमांना शक्यतो धक्का लावू नये, असे त्याचे म्हणणे होते. डोंगरातील एका खिंडीने शेजारच्या दोन गावांमध्ये एका दिवसाचे अंतर कसे पडते, हे त्याने झूच्या तटावरून डोळ्यांनी पाहिले होते. त्याच्या युक्तिवादाचा उगम त्या कैदेत होता असे विधान करण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु योगायोग मनात रेंगाळतो खरा.

अखेर तोडगा निघाला तो मध्यममार्गाचा. १७९० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ८३ जिल्हे निश्चित झाले. जुन्या सुभ्यांच्या बाहेरच्या सीमा बहुतांशी कायम राहिल्या, आतून मात्र त्यांचे तुकडे पडले, आणि कोणत्याही रहिवाशास एका दिवसाच्या प्रवासात मुख्य ठाण्यास पोहोचता यावे असा अंदाज विस्तार ठरविताना सांभाळला गेला. नावांचा प्रश्न याहून नाजूक होता. बुर्गुंडी, ब्रिटनी, प्रोव्हाँस ही नावे उच्चारली की त्यांच्यासवे जुने विशेषाधिकार, जुने मानपान आणि जुने हेवेदावेही जागे होतील, अशी सभेला भीती वाटे, आणि ती रास्तच होती. म्हणून सभासदांनी इतिहासाचे दफ्तर बंद केले आणि ते निसर्गाकडे वळले. नदीला वंशावळ नसते, पर्वताला जहागीर नसते, समुद्रकिनाऱ्याला खानदानी मोहोर नसते. निम्म्याहून अधिक जिल्ह्यांना नद्यांची नावे मिळाली ती या विचाराने. पूर्वेकडील फ्राँश-कोंते या सुभ्याचे तीन भाग झाले : एकास ज्युरा पर्वताचे नाव लाभले, दुसऱ्यास सोन नदीच्या वरच्या खोऱ्याचे, आणि तिसऱ्यास दूचे.

निष्पक्ष, निरुपद्रवी आणि इतिहासापासून अलिप्त अशी खूण म्हणून नदीची निवड करणाऱ्या त्या सभासदांविषयी मला आदर आहे. परंतु सीमेचे बंधन जिला बिलकुल मानवत नाही अशी एखादी नदी फ्रान्समध्ये शोधायची झाली, तर दूइतकी समर्पक दुसरी सापडणे कठीण. ज्या मुलखाला तिचे नाव दिले त्याचा शिरस्ता तिने कधी पाळलेला नाही, आणि त्या मुलखाच्या कारभाऱ्यांना गेली सव्वादोनशे वर्षे तिच्या मागे मागे जावे लागले आहे.

मुलूख तसा लहान आहे. क्षेत्रफळ सुमारे ५,२३० चौरस किलोमीटर, लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास. आपल्याकडे नदीचे नाव धारण करणारा वर्धा जिल्हा आहे, तो सुमारे ६,३०० चौरस किलोमीटरांचा आणि २०११ च्या शिरगणतीप्रमाणे तेरा लाख वस्तीचा. त्याच्याशी तुलना केली असता दू जिल्ह्याची विरळ वस्ती ध्यानात येते. फ्रेंच जिल्ह्यांची यादी वर्णानुक्रमाने लावून त्यांना क्रमांक देण्यात आले, आणि त्या क्रमात दूच्या वाट्याला २५ हा आकडा आला. टपालाच्या पत्त्याच्या आरंभी आणि मोटारगाड्यांच्या पाट्यांवर हा आकडा दिसतो, आणि तेथील माणसे आपल्या जिल्ह्याचा उल्लेख पुष्कळदा नुसत्या आकड्यानेच करतात.

आता नदीच्या प्रवासाकडे वळू. मूथ या गावाजवळ, समुद्रसपाटीपासून ९३७ मीटर उंचीवर, चुनखडकाच्या एका गुहेतून दू बाहेर पडते. हे गाव थंडीसाठी सर्व फ्रान्समध्ये विख्यात आहे. १३ जानेवारी १९६८ रोजी येथे उणे ३६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. तेथून सँ-प्वँ सरोवर ओलांडून, पोंतार्लिए मागे टाकून नदी ईशान्येस निघते. ज्युरा पर्वत हा नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे पसरलेल्या, एकमेकींना समांतर अशा घड्यांचा बनलेला आहे. एखादी सतरंजी एका बाजूने सरकवली असता तिला जशा वळ्या पडाव्यात तशा आल्प्सच्या रेट्याने या वळ्या पडल्या आहेत. दू या वळ्यांमधील पन्हळीतून वाहते, आणि जेथे कड्याला भेग सापडेल तेथून पलीकडच्या पन्हळीत उतरते. मोर्तोच्या पुढे ती सरहद्दीवर येते, सत्तावीस मीटरांच्या एका भव्य धबधब्यातून खाली कोसळते, आणि तेथून चाळीसहून अधिक किलोमीटरपर्यंत एका काठास फ्रान्स व दुसऱ्या काठास स्वित्झर्लंड अशी दोन राष्ट्रांची मेर होऊन राहते. मग अकस्मात ती फ्रान्स सोडून देते. स्विस मुलखात शिरून सँ-त्युर्सान या सुंदर मध्ययुगीन नगरापाशी कातळात वळसा घेते, आणि ज्या दिशेकडून आली जवळजवळ त्याच दिशेला तोंड करून पुन्हा फ्रान्समध्ये परत येते. परतल्यावर उत्तरेस मोंबेल्यारकडे जाते, तेथे वळून नैर्ऋत्येची वाट धरते, बोम-ले-दामवरून बझाँसों या मुख्य ठाण्यास येते, आणि शेवटी जिल्हा कायमचा सोडून सोन नदीस मिळते. उगम आणि संगम यांच्यामधील सरळ अंतर शंभर किलोमीटरांच्या आत आहे. त्यासाठी दू ४५३ किलोमीटर चालते.

बझाँसोंला तर या नदीने जवळजवळ पूर्ण वर्तुळ काढले आहे. इ. स. पूर्व ५८ मध्ये जर्मानिक सरदार आरिओव्हिस्तस याच्यावर चालून जाताना ज्यूलियस सीझर येथे मुक्कामास आला, आणि आपल्या युद्धवृत्तांतात त्याने या स्थळाचे जे वर्णन केले आहे ते आजही जागेवर उभे राहून पडताळता येते : नदी नगराभोवती कर्कटकाने रेषा ओढावी तशी फिरली आहे, आणि जो थोडासा भाग तिने मोकळा सोडला आहे तो एका उंच डोंगराने बंद केला आहे. लष्करी दृष्टी असलेल्या माणसाला अशा जागेचे मोल सांगावे लागत नाही. चौदाव्या लुईच्या फौजांनी हा सुभा स्पेनच्या हाब्सबुर्ग घराण्याकडून जिंकल्यावर, आणि १६७८ च्या नायमेखेनच्या तहाने त्यावर कायमचे शिक्कामोर्तब झाल्यावर, वोबाँ या दुर्गशिल्पज्ञाने त्याच डोंगराच्या माथ्यावर, नदीपासून शंभर मीटरांहून अधिक उंचीवर, जो बालेकिल्ला सिद्ध केला, तो युनेस्कोने २००८ मध्ये वोबाँच्या इतर अकरा दुर्गस्थानांसह जागतिक वारशात समाविष्ट केला. पुढे ऱ्होन-ऱ्हाइन कालव्यावरील नौकांना नदीचा एवढा मोठा फेरा परवडेना, तेव्हा डोंगराच्या पोटातूनच बोगदा काढण्यात आला. किल्ल्याच्या तटावर उभे राहून खाली पाहिले, की नदीने काढलेले वर्तुळ आणि माणसाने खोदलेली जीवा अशी भूमितीची आकृती एका दृष्टिक्षेपात दिसते.

सुभ्याची राजधानी पूर्वी दोल येथे होती. तेथील न्यायसभा आणि विद्यापीठ फ्रेंच अंमलात बझाँसोंला हलवण्यात आले. नव्या व्यवस्थेत दोल ज्युरा जिल्ह्याकडे गेले. लुई पाश्चरचा जन्म १८२२ मध्ये त्या गावी झाला, त्यामुळे दूच्या काठचा हा थोर पुत्र दू जिल्ह्याचा गणला जात नाही. बझाँसोंनेही आपल्या परीने भरपाई केली : व्हिक्टर ह्यूगो (१८०२), समाजचिंतक फूरिए (१७७२) व प्रूदों (१८०९), आणि चलच्चित्राचे जनक ल्यूमिएर बंधू (१८६२, १८६४) हे सर्व याच शहरात जन्मले.

येथवर वर्णिलेली दू म्हणजे डोळ्यांना दिसणारी दू. न दिसणाऱ्या दूची हकीकत याहून विस्मयकारक आहे, आणि ती सांगण्यासाठी ज्या खडकावर हा जिल्हा वसला आहे त्याचा विचार केला पाहिजे. ज्युराचा चुनखडक भूगर्भशास्त्रात इतका आदर्श मानला गेला, की पृथ्वीच्या इतिहासातील एका संपूर्ण कालखंडाला ‘ज्युरासिक’ हे नाव या पर्वतावरून पडले. या खडकाचा धर्म असा, की पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कर्बवायू घेऊन त्याच्या भेगांत शिरले म्हणजे तो हळूहळू विरघळतो. भेगेचे छिद्र होते, छिद्राची नळी होते, नळीचे भुयार होते, आणि कालांतराने पृष्ठभाग कोरडा राहून खाली नद्यांचे एक दुसरेच जाळे तयार होते. पोंतार्लिएच्या पुढे दूच्या पात्रात अशा भेगा आहेत. उन्हाळ्यात पाणी कमी झाले की ते या भेगांत नाहीसे होते. जाते कोठे, हे मात्र शतकानुशतके गूढच होते.

ते गूढ उकलले ११ ऑगस्ट १९०१ रोजी. पोंतार्लिए हे त्या काळी आब्सँत नावाच्या, नागदवण्याच्या जातीच्या वनस्पतीपासून काढलेल्या हिरवट मद्याचे फ्रान्समधील प्रमुख केंद्र होते. त्या दिवशी पेर्नो यांच्या कारखान्यावर वीज पडून भीषण आग लागली. साठवणीच्या पिंपांचा स्फोट होऊन सारे गाव बेचिराख होऊ नये म्हणून पिंपांच्या तोट्या मोकळ्या सोडण्यात आल्या, आणि मद्याचा लोंढाच्या लोंढा दू नदीत वाहून गेला. नंतर दोनएक दिवसांनी, सुमारे पंधरा किलोमीटर दूर, निराळ्याच खोऱ्यात, लू नदीच्या उगमाशी पाण्याला आब्सँतचा स्पष्ट वास येऊ लागला. आंद्रे बेर्तलो यांनी ही गोष्ट नोंदवून विज्ञान अकादमीपुढे ठेवली, आणि १९१० मध्ये गुहासंशोधक मार्तेल यांनी दूच्या भेगांत हिरवा चकाकणारा रंग सोडून व तो लूच्या उगमाशी पाहून तिच्यावर शंकेला जागा उरू दिली नाही.

लू ही नदी म्हणजे उंच कड्याच्या तळाशी असलेल्या एका विशाल गुहेतून एकदम बाहेर पडणारा प्रचंड प्रवाह आहे. ऑर्नाँ या तिच्या काठच्या गावी १८१९ मध्ये जन्मलेल्या गुस्ताव कूर्बे या चित्रकाराने ती गुहा पुनःपुन्हा रंगविली. त्या चित्रांतील काळोख पाहताना वाटते, की हे पाणी येथे जन्मलेले नसून कोठून तरी आलेले आहे, याची जाणीव त्या कुंचल्याला अगोदरच झाली असावी. विशेष हे, की लू काही अंतर स्वतंत्र वाहून दोलच्या खाली दूसच मिळते. म्हणजे दूचे जे पाणी पोंतार्लिएपाशी भूमीच्या पोटात हरवते ते दुसऱ्या नावाने बाहेर येते, दुसऱ्या खोऱ्याला जीवन देते, आणि जिल्ह्याच्या बाहेर आपल्या मूळ नदीत परत येते. आणि दू मात्र तेवढ्या काळात परराज्यात जाऊन, मोंबेल्यारला वळसा घालून, बझाँसोंची प्रदक्षिणा करून तेथे पोहोचलेली असते.

हा केवळ कुतूहलाचा विषय नाही. एका खोऱ्यात सांडलेले विष दुसऱ्या खोऱ्यातील विहिरीत निघते, हे जेथे सिद्ध झाले तेथे नदीचे मालक कोण आणि जबाबदार कोण, हा प्रश्न मेजावरचा नकाशा सोडवू शकत नाही. दगडातून पाणी भराभर खाली उतरते, मातीची गाळणी जेमतेम असते, म्हणून पठारावरच्या गोठ्यातील खत व गावाचे सांडपाणी थेट प्रवाहात पोहोचते. दू आणि लू या दोन्ही नद्यांतील मासे कमी होत गेल्याची चिंता तेथे आज फार खोल आहे. स्विस लोक ज्याला ‘दूचा राजा’ म्हणतात तो दुर्मीळ मासा तर नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. २०१८ च्या शरद ऋतूत पात्र इतके आटले, की सरहद्दीवरील त्या धबधब्याच्या वरचे सरोवर कोरडे पडून तळाचा चिखल भेगाळलेला लोकांनी पाहिला, आणि धबधब्याचा कडा नुसताच उघडा उभा राहिला. सरहद्दीच्या टप्प्यातील वीजधरणे दोन राष्ट्रांच्या सामाईक उपयोगाची, त्यामुळे पाणी केव्हा व किती सोडावे याचा निर्णय एका जिल्ह्याच्या हातातला नाही.

आता त्या जिल्ह्याचा कारभार कसा चालतो ते पाहू. १७९० च्या मूळ योजनेत जिल्ह्याच्या शिरावर राजाचा कोणी अंमलदार नव्हता. छत्तीस निर्वाचित सभासदांची सभा आणि त्यांच्यातूनच निवडलेले आठ जणांचे कार्यकारी मंडळ, अशी ती लोकसत्ताक रचना होती. ती टिकली नाही. फेब्रुवारी १८०० च्या कायद्याने बोनापार्तने प्रत्येक जिल्ह्यावर एक ‘प्रेफे’ नेमला, आणि मध्यवर्ती सत्तेचा हुकूम राजधानीतून निघून शेवटच्या खेड्यापर्यंत एका सरळ रेषेत पोहोचेल अशी व्यवस्था केली. दूचा कारभार १८०१ पासून १८१४ पर्यंत ज्यां दब्री यांनी सांभाळला. राष्ट्रसंघटनेच्या त्या वादळी काळात एकाच जागी तेरा वर्षे टिकणे ही सामान्य गोष्ट नव्हती. प्रेफे म्हणजे आपला जिल्हाधिकारी, असे समीकरण सोयीसाठी मांडता येते, पण त्यात एक महत्त्वाचा भेद आहे : आपल्याकडील अधिकाराचे मूळ महसुलाच्या वसुलीत होते, म्हणून तर त्या पदाला ‘कलेक्टर’ हे नाव पडले, प्रेफेकडे करवसुली कधीच नव्हती, तो राज्यसत्तेचा मुखत्यार, सुव्यवस्थेचा जबाबदार आणि कायद्याचा पहारेकरी.

प्रेफेच्या हाताखाली उपविभाग असतात आणि त्यांवर एकेक उपप्रेफे. आज दूमध्ये बझाँसों, मोंबेल्यार आणि पोंतार्लिए हे तीन उपविभाग आहेत. चौथा बोम-ले-दामचा होता, तो १९२६ च्या काटकसरीत गेला. सर्वांत खाली गावे, प्रत्येकाचा स्वतःचा नगराध्यक्ष व सभा असलेली; एवढ्याशा जिल्ह्यात अशी साडेपाचशेहून अधिक गावे आहेत आणि त्यांतील कित्येकांत शंभर माणसेही राहत नाहीत. ही विभागणी खर्चिक आहे, असे अर्थशास्त्री म्हणतात, आणि ते खोटे नाही. परंतु बर्फाने रस्ता बंद झाला असता कोणाच्या घरी कोण एकटे आहे हे ठाऊक असलेला माणूस अधिकारपदावर असणे, याचे मोल हिशेबाच्या वहीत मांडता येत नाही.

जिल्ह्याची निर्वाचित सभा प्रेफेहून वेगळी. १८७१ च्या कायद्याने तिचे स्वरूप निश्चित झाले, तरी तिच्या ठरावांची अंमलबजावणी प्रदीर्घ काळ प्रेफेच करीत असे. २ मार्च १९८२ च्या विकेंद्रीकरणाच्या कायद्याने ती सत्ता सभेच्या अध्यक्षाकडे गेली. त्या वेळी प्रेफे ही पदवीसुद्धा बदलून ‘प्रजासत्ताकाचा आयुक्त’ करण्यात आली होती, पण लोकांच्या जिभेवर ती रुळली नाही आणि १९८८ मध्ये जुने नाव परत आले. २०१५ पासून जिल्ह्याचे १९ मतदारसंघ असून प्रत्येकातून एक स्त्री व एक पुरुष अशी जोडी निवडून येते. या ३८ सभासदांकडे वृद्ध, अपंग, निराधार मुले व बेकार यांचे साहाय्य, माध्यमिक शाळांच्या इमारती आणि जिल्ह्याचे रस्ते एवढी कामे सोपविलेली आहेत. ज्युराच्या उंचीवर हिवाळ्यात रस्ता उघडा ठेवणे हेच एक मोठे राज्यकार्य आहे.

मोंबेल्यारच्या उपविभागाची कथा वेगळी सांगावी लागते, कारण १७९० मध्ये ते गाव फ्रान्समध्येच नव्हते. विवाहसंबंधाने चौदाव्या शतकाच्या शेवटी ते व्युर्टेंबर्गच्या घराण्याकडे गेले होते. तेथील प्रजा लूथरच्या पंथाची, बोली फ्रेंच आणि राजा जर्मन. जीवाश्मांच्या अभ्यासाचा पाया घालणारा जॉर्ज क्यूव्हिए १७६९ मध्ये तेथे जन्मला तो व्युर्टेंबर्गचा प्रजाजन म्हणून, आणि शिक्षणासाठी गेला तो स्टुटगार्टला. १७९३ मध्ये क्रांतीच्या फौजांनी हा प्रदेश घेतला. त्यानंतर तो एका जिल्ह्यातून दुसऱ्यात असा फिरत राहिला आणि १८१६ मध्ये दूला जोडला गेला. डोंगरातील कॅथलिक शेतकरी आणि मोंबेल्यारचे प्रॉटेस्टंट कारागीर एकाच दफ्तराखाली आले ते असे. याच भागात, दूच्या खोऱ्यातील एका पाणचक्कीत, प्यूजो घराण्याने १८१० मध्ये पोलादाचा उद्योग सुरू केला. करवती, कॉफी दळण्याची यंत्रे, सायकली आणि शेवटी मोटारी, असा त्यांचा क्रम आहे, आणि सोशोचा त्यांचा कारखाना १९१२ पासून आजतागायत चालू आहे. बझाँसोंनेही घड्याळांत नाव मिळविले, कारण १७९३ मध्ये जिनिव्हाचा मेजव्हाँ आणि त्याच्यासोबतचे निर्वासित कारागीर तेथे येऊन स्थायिक झाले.

जिल्हा या संस्थेने केलेल्या कामांपैकी मला सर्वांत मोलाचे वाटते ते १९२७ मधील एक खरेदीखत. लूच्या खालच्या खोऱ्यात, आर्क-ए-सनाँ येथे, १७७५ ते १७७९ या काळात क्लोद-निकोला लदू या वास्तुशिल्पज्ञाने राजासाठी मिठागर बांधले. समुद्र शेकडो मैल दूर, पण सालँ येथे भूमीतून खारे पाणी निघे. ते आटविण्यास तेथे लाकूड पुरेनासे झाले, तेव्हा लाकूड पाण्याकडे नेण्याऐवजी पाणीच लाकडाकडे नेण्याचा विचार करून, शोच्या अरण्यालगत हे मिठागर उभारले गेले आणि खारे पाणी एकवीस किलोमीटर लाकडी नळांतून वाहून आणले गेले. इमारती अर्धवर्तुळात, मध्यभागी संचालकाचे खांबांचे दालन, आणि तेथून प्रत्येक कामकऱ्याच्या दारावर नजर. ती रचना भव्य आहे आणि तितकीच कठोरही. १८९५ मध्ये काम थांबले, इमारती ओसाड पडल्या, आणि पाडून टाकल्या जाण्याच्या बेतात असताना जिल्ह्याच्या सभेने त्या विकत घेतल्या. पंचावन्न वर्षांनी, १९८२ मध्ये, त्या जागतिक वारशात गणल्या गेल्या. 

डोंगराचा भाग स्वभावाने निराळा. तेथे शेती म्हणजे गवत, आणि गवताचे पर्यवसान कोंते या चीजमध्ये. चाळीस किलोंच्या आसपासचे एक चाक घडविण्यास सुमारे चारशे लिटर दूध लागते. एवढे दूध एका गोठ्यात निघत नाही, म्हणून गावातील शेतकऱ्यांनी दूध एकत्र करून सामाईक चीजघर चालविण्याची पद्धत पाडली, आणि तिचे उल्लेख तेराव्या शतकापासून सापडतात. राष्ट्रसभेने समता हा शब्द लिहिण्यापूर्वी पाचशे वर्षे या खेड्यांत दुधाचा हिशेब समभागाने होत होता. 

आणि याच डोंगरात झूचा तो दुर्ग. मिराबोनंतर सत्तावीस वर्षांनी तेथे दुसरा एक कैदी आणला गेला, आणि त्याला कसब्यात जाण्याची मोकळीक नव्हती. हैतीच्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लढ्याचा सेनानी तूसँ लूवेर्त्यूर याला बोनापार्तच्या हुकमाने दगाबाजीने पकडून ऑगस्ट १८०२ मध्ये या दुर्गातील कोठडीत डांबण्यात आले. उष्ण कटिबंधात वाढलेल्या त्या वृद्धाने एक हिवाळा काढला; ७ एप्रिल १८०३ रोजी तो तेथेच मृत्यू पावला, आणि नऊ महिन्यांच्या आत, १ जानेवारी १८०४ रोजी, त्याचा देश स्वतंत्र झाला. माणसाचे हक्क जाहीर करणाऱ्या राष्ट्राच्या नकाशावर ही कोठडी काळ्या ठिपक्यासारखी आहे, आणि ती पाहण्यासाठी आजही हैतीची माणसे इतक्या दूर येतात.

२०१६ पासून फ्राँश-कोंते आणि बुर्गुंडी हे दोन जुने सुभे एका प्रदेशात विलीन झाले आहेत. प्रादेशिक प्रेफेचे ठाणे दिजों येथे गेले, बझाँसोंकडे प्रादेशिक सभेचे मुख्यालय तेवढे राहिले. १७९० मध्ये ज्या सुभ्यांची नावे पुसण्यासाठी नद्यांना पाचारण केले होते, तीच दोन नावे आता जोडीने सरकारी शिक्क्यावर परतली आहेत, आणि नदीचे नाव त्यांच्या खालच्या पायरीवर उभे आहे.

नदी मात्र दोलवरून पुढे सपाटीत उतरते, आणि सोन-ए-लुआर जिल्ह्यात, व्हेर्दं-स्युर-ल-दू या गावी सोनला मिळते. ‘दूवरचे व्हेर्दं’ असे नाव असलेले हे गाव दू जिल्ह्यात नाही. येथपर्यंत आलेल्या दोन्ही प्रवाहांचे सरासरी माप घेतले तर दूचे पाणी सोनहून किंचित अधिक भरते. तरी संगमाच्या पुढे ल्योंपर्यंत, जेथे ऱ्होन तिला आपल्यात घेते, नाव चालते ते सोनचे.